भरलेली कळशी आणि लाल गाडी

येडशीजवळ रामलिंगाच्या दरीत उतरण्याआधी जिथे गाड्या उभ्या करतात, तिथे एका सोमवारी सकाळी माझ्या नातीच्या लाल गाडीच्या बॉनेटवर एक थोराड माकड बसले होते. आम्ही दर्शन घेऊन, कुंडातले पाणी कळशीत भरून पायऱ्या चढून वर आलो, तेव्हा त्याने आमच्याकडे एकवार पाहिले, कंटाळल्यासारखी जांभई दिली आणि शेजारच्या झाडावर उडी घेतली. माकड गेले, पण गाडी मात्र नाक खाली-वर, खाली-वर करीत राहिली. बोलणारा निघून गेल्यावरही ऐकणाऱ्याने मान डोलावत राहावे, तशी.

"बघितलंत आजोबा?" नात म्हणाली. "शॉकअप संपलेत."

"संपले म्हणजे काय झाले?"

"म्हणजे स्प्रिंग आहे, पण तिला गप्प करणारं कोणी उरलं नाही."

हातातली कळशी सावरीत मी तिथेच उभा राहिलो. माझे आयुष्य संस्कृत शिकवण्यात गेले आणि त्यातही तर्कशास्त्र हा माझा आवडता विषय. त्या शास्त्रात 'संस्कार' नावाचा एक गुण सांगितला आहे आणि त्याचे तीन प्रकार मानले आहेत. सुटलेल्या बाणात असतो तो वेग. अनुभव सरल्यावर मनात उरते ती भावना, जिच्यामुळे स्मरण होते. आणि वाकवलेली फांदी सोडताच ज्यामुळे ती पुन्हा आपल्या जागी येते, तो स्थितिस्थापक. हा तिसरा प्रकार शिकवताना मी मुलांना शाळेच्या अंगणातल्या लिंबाची फांदी ओढून दाखवीत असे. फांदी परत आली की पाठ संपला. परत आल्यावर ती थरथरत का राहते आणि मग शांत कशाने होते, हे मला कोणा विद्यार्थ्याने विचारले नाही, मलाही ते विचारावेसे वाटले नव्हते. तो प्रश्न उतारवयात एका माकडाने विचारला.

ही गाडी आणि ही कळशी एकत्र कशी आली, ते सांगायला हवे. आम्ही धाराशिवला राहतो. आमच्या आळीतल्या महादेवाला सोमवारी रामलिंगाच्या पाण्याने अभिषेक घालण्याची सेवा आमच्या घराकडे आहे. ती माझ्या वडिलांनी केली, त्यांच्यामागे मी करीत आलो. तिचा एक नियम आहे. कळशीला झाकण घालायचे नाही. तिच्या गळ्याशी आतून एक कोर आहे, त्या कोरेपर्यंत पाणी भरायचे, वाटेत कळशी कुठेही खाली ठेवायची नाही, आणि देवळात पोहोचल्यावर पाणी कोरेखाली उतरलेले नसावे. उतरले असेल तर ते पाणी तुळशीला घालायचे आणि अभिषेक विहिरीच्या पाण्याने उरकायचा. देव त्यानेही प्रसन्न होतोच, पण त्या सोमवारची सेवा घडली असे आमच्या घरी मानीत नाहीत. लहानपणी मी वडिलांना विचारले होते की झाकण का नको. ते म्हणाले, "झाकलेल्या पाण्याची काळजी झाकण घेते. उघड्या पाण्याची आपण घ्यायची असते."

अंगात बळ होते तोवर मी एसटीने जात असे आणि नंतर एका स्नेह्याच्या स्कूटरवर मागे बसून. पुढे माझ्या कमरेच्या मणक्यांनी असहकार पुकारला आणि डॉक्टरांनी दुचाकी व एसटी दोन्ही बंद केली. तेव्हा नात म्हणाली, "मी नेते." ती फिजिओथेरपिस्ट आहे. बार्शीला तिचा दवाखाना आहे आणि येडशीवरून रोजचे जाणे-येणे. सोमवारी दवाखाना दुपारनंतर उघडतो, म्हणून सकाळ मोकळी. अडचण एवढीच, की तिची गाडी चारचौघांसारखी नव्हती. दोन दारांची, बुटकी, जुनी, पण शर्यतीच्या जातीची ती गाडी तिने पुण्याहून वापरलेली घेतली होती. दिवसभर लोकांच्या पाठी सरळ करायच्या, तर जाता-येता तरी मनासारखे काही असावे, असे तिचे म्हणणे.

आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे वेगळे होते. "लोकांच्या पाठी सरळ करायच्या आणि आजोबांची मोडायची. घरच्या घरी गिऱ्हाईक!"

मी सोवळ्याचा मुकटा नेसून, गाडीच्या चामडी बैठकीवर आमचा लाकडी पाट ठेवून त्यावर बसत असे आणि कळशी मांडीवर दोन्ही हातांनी धरीत असे. आणि काही केल्या पाणी कोरेखाली उतरतच असे. ज्या सोमवारी माकड बसले होते, त्या सोमवारी तर ते बोटभर खाली गेले होते. आळीतल्या देवळाच्या गुरवाने कळशीत डोकावून पाहिले आणि तो अदबीने पण स्पष्ट बोलला.

"गुरुजी, राग धरू नगा. माझा धाकटा भाऊ सोमवारी येडशीलाच असतोय. झाकणाचा कॅन दिऊ त्याच्यापाशी. फटफटीला अडकवल अन् आनल. थेंब सांडायचा न्हाय."

"पण ते झाकलेले असेल," मी म्हणालो.

"व्हय, ते तर हाय. पर श्रावणात लोक दारात उभे राहत्यात. पाणी आलं का, पाणी आलं का, म्हणून इचारत्यात. दर सोमवारी विहिरीचं पाणी घालून कसं चालल?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. सेवा देवाची असते, घराण्याची नसते. मी त्याला शब्द दिला की श्रावण लागण्यापूर्वी एकही कळशी कोरेपर्यंत भरलेली आणता आली नाही, तर सेवा त्याच्या भावाच्या हाती सोपवीन. तेव्हा चैत्र सरत आला होता.

घरी आल्यावर नातीने मला गाडीचे चाक वळवून आतली रचना दाखवली. एक जाड नळी, तिच्यात तेल, तेलात एक दट्ट्या, आणि नळीभोवती वेटोळे घेतलेली स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेले किंवा उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते आणि उसळते. ती उसळी दट्ट्याला तेलातून ओढत न्यावी लागते. तेल बारीक छिद्रांतून सहजी जात नाही, म्हणून स्प्रिंगला हळू यावे लागते.

"म्हणजे फांदी धरून सोडणारा एक हात आणि सोडल्यावरही तिला धरून ठेवणारा दुसरा हात," मी म्हणालो.

"अगदी तसंच. आणि दुसरा हात दमलाय."

"मग त्या वेगाचे होते काय? तो नाहीसा कसा होईल?"

"उष्णता होते, आजोबा. तेल तापतं. खराब रस्त्यावर गाडी चालवून आलं की शॉकअपला हात लावून बघा, कोमट लागतो."

याचे मला इतके नवल वाटले, की पुढचे काही दिवस मी देवळातून येताना आळीत उभ्या असलेल्या गाड्यांचे कोपरे दाबून सोडून पाहू लागलो. कोणती गाडी एकदाच उठून थांबते, कोणती दोनदा, कोणती डोलतच राहते. पोस्टमनची जुनी गाडी सर्वांत संयमी निघाली. शेजारच्या वकिलांच्या नव्या गाडीने मात्र मोठ्याने भोंगा वाजवायला सुरुवात केली आणि ते टॉवेलवर बाहेर धावले. "गुरुजी, काय झालं?" मी खरे ते सांगितले. ते मान हलवून आत गेले. सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. "आता गाड्यांच्या नाड्या बघता होय? पंचांगही बघून द्या त्यांना!"

आता नवे काय घ्यावे, हा विचार सुरू झाला. गाडीला मूळचे होते तसेच शॉकअप मिळाले असते तर प्रश्नच नव्हता. पण ते बनवणे थांबले होते, आणि कोणी बाहेरून मागवून द्यायला तयार झाला तरी भाव ऐकून नातीने तो नाद सोडला. दुसरा मार्ग म्हणजे शॉकअप तेच ठेवून फक्त स्प्रिंगा बदलायच्या, आखूड आणि कडक. तो मी ऐकताच फेटाळला. ज्याला मऊ स्प्रिंग आवरत नाही, त्याच्या हाती कडक स्प्रिंग देऊन काय होणार? उरला तिसरा मार्ग, कॉइलओव्हर. यात स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एकच जोडणी असते, शॉकअपच्या अंगावर आटे असतात, चकत्या फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येते, आणि डोक्यावर एक बोंडी असते ती फिरवून तेलाचा धाक वाढवता किंवा कमी करता येतो. हे महागही मिळतात आणि परवडणारेही. नातीला परवडणारे हवे होते, पण रोज वापरायचे होते. त्या दोन शब्दांत किती अंतर आहे, ते शोधण्यात वैशाखाचा पहिला आठवडा गेला.

शेवटी दोन संच उरले. पहिला दिसायला सोन्यासारखा, स्प्रिंग अतिशय कडक, गाडी पार जमिनीला टेकवता येईल असा. नातीचे डोळे त्यावर खिळले होते. दुसरा करड्या रंगाचा, स्प्रिंग बेताची. मी म्हणालो, "पूर्वपक्ष तू मांड, उत्तरपक्ष मी मांडतो." आणि खरोखरच आम्ही ओसरीवर बसून वाद केला. ती म्हणे, कडक स्प्रिंग असली की वळणावर गाडी कलत नाही. मी म्हणे, येडशीच्या घाटात वळणे किती आणि खड्डे किती, ते मोजून उत्तर दे. ती हसली आणि म्हणाली, "वळणं मोजता येतील." त्यावर तो वाद संपला.

पण दुसऱ्या संचाविषयीही मला शंका होत्या. म्हणून मी स्वतः विकणाऱ्याला फोन लावला. नात शेजारी बसून तोंडावर हात धरून ऐकत होती.

मी विचारले, "उंची बदलताना स्प्रिंगवरचा दाब बदलतो काय? की खालचा भाग आट्यांवर फिरून उंची वेगळी बदलते?"

"वेगळी बदलते, काका. स्प्रिंगला हात लावायची गरज नाही."

"चाकाला खाली-वर जाण्यास जागा किती उरते? गाडी खाली घेतल्यावरही?"

"बऱ्यापैकी उरते. फार खाली घेऊ नका."

"दट्ट्याच्या दांडीवर रबरी आवरण आहे काय? आमच्याकडे काळी माती आहे. ती एकदा बसली की सोडत नाही."

"आहे, काका."

"आणि आतले रबर फाटून तेल गळू लागले तर तेवढेच बदलून मिळते, की सगळेच टाकून द्यावे लागते?"

मग त्या गृहस्थाने विचारले, "काका, तुम्ही रेस करता का हो?"

"नाही," मी म्हणालो. "मी अभिषेक करतो."

रबर बदलून मिळते, असे कळल्यावर तो संच मागवला.

तो बसवायला जळकोटचे मिस्त्री निवडले, कारण नातीच्या गाडीची इतर कामे तेच करीत. हमरस्त्यावरच्या ट्रकांखाली त्यांचे तारुण्य गेले होते आणि आता अशा हौशी गाड्यांवर त्यांचा जीव होता. जुने शॉकअप काढून, नवे बसवून त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"गुरुजी, आता दोन बोटं खाली घेऊ."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? बसली पाहिजे की गाडी! ही अशी उभी ऱ्हायली तर लोक म्हणतील, गाभण म्हैस हाय. खाली घेतली की लई देखणी दिसल."

मी नातीकडे पाहिले. तिने माझी नजर टाळली. ओसरीवर वादात हरलेला पूर्वपक्ष तिच्या मनात अजून जिवंत होता. "थोडीच घेऊ, आजोबा," ती म्हणाली. "एक सोमवार बघू."

गाडी खाली गेली आणि खरोखरच देखणी दिसू लागली, हे मला मान्य केले पाहिजे. त्या सोमवारी येडशीच्या गतिरोधकावर तिचे पोट खरवडले, चाकांना वर जाण्यास जागा उरली नाही, सगळी जोडणी आतल्या रबरी ठोकळ्यावर आपटली आणि कळशीतले पाणी माझ्या मुकट्यावर आले. देवळापर्यंत पोहोचल्यावर नात म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात."

"मी वळणांविषयी म्हणालो होतो," मी म्हणालो. "खाली घेण्याविषयी तर मलाही कुतूहल होते."

मिस्त्रींनी आकड्याच्या पान्याने चकत्या फिरवून गाडी पुन्हा मूळच्या उंचीजवळ आणली, आट्यांना ग्रीस लावले आणि वर म्हणाले, "बरं, म्हैस तर म्हैस. दूध दिलं म्हंजे झालं."

पुढच्या सोमवारी बोंडी पूर्ण कडक बाजूला होती. रस्त्यावरचा प्रत्येक खडा आपली ओळख करून देत होता. त्यानंतरच्या सोमवारी ती पूर्ण सैल बाजूला फिरवली. तेव्हा गाडी नावेसारखी तरंगू लागली आणि पाणी संथपणे एका काठावरून दुसऱ्या काठावर गेले. मग मध्यावर आणली. मध्यावर गाडी फार चांगली चालली. खड्डा आला की एकदा दबे, एकदा उठे आणि थांबे, जणू वाक्य संपल्यावर पूर्णविराम. नात आनंदात होती. तिची रोजची बार्शीची वाट सुखाची झाली होती आणि संध्याकाळी ती दमलेली दिसेनाशी झाली.

आणि तरीही माझे पाणी सांडत होते. पूर्वीपेक्षा कमी, पण कोरेखाली. ज्येष्ठ अर्धा सरला. मी दुसऱ्या भांड्याने, दुसऱ्या वारी चाचणी करून पाहायला तयार नव्हतो, कारण कळशीची मान अरुंद आणि पोट मोठे, तिच्यातले पाणी तिच्याच चालीने हलते. म्हणजे आठवड्यातून एकदाच उत्तर मिळे, आणि ते प्रत्येक वेळी 'नाही' असे असे. गुरवाने एक निळा कॅन आणून देवळाच्या कोनाड्यात ठेवला होता. तो दाखवण्यासाठी ठेवला नव्हता, पण मला तो दिसे.

वटपौर्णिमेला आमच्याकडे पुरण असते. सौभाग्यवतींची थोरली बहीण बार्शीला अंथरुणाला खिळून आहे. तिच्यासाठी दरवर्षी पुरणपोळ्या आणि कटाची आमटी जाते. त्या वर्षी सौभाग्यवती स्वतःच नातीबरोबर गेल्या. माझ्याच जागेवर बसून, मांडीवर फडके, फडक्यावर आमटीचे पातेले, पातेल्याच्या तोंडावर पांढरे पंच्याचे कापड बांधलेले. संध्याकाळी परत आल्या त्या ते कापड हातात नाचवीतच.

"बघा! नीट बघा! कटाचा एक ठिपका आहे का?"

मी चष्मा लावून कापड उलटसुलट पाहिले. ते कोरे होते.

"पातेले किती भरले होते?"

"काठापासून दोन बोटं. आणि तोच रस्ता, तीच येडशी, तेच गतिरोधक. गाडीला नावं ठेवता होय! माझी आमटी सोवळ्यात नव्हती म्हणून वाचली वाटतं."

नात मागे उभी राहून हसत होती. मी मात्र हसलो नाही, कारण त्या थट्टेत एक हेतू दडलेला होता. हेतू या शब्दाचा अर्थ मी शास्त्रातला घेतो, अनुमानाला आधार देणारा. रस्ता तोच, गाडी तीच, बोंडी तिथेच, हाकणारीही तीच. भांडे वेगळे खरे, पण उथळ पातेल्यातली आमटी कळशीतल्या पाण्याहून अधिक हिंदकळायला हवी होती. मग वेगळे काय होते?

दिवेलागणीला मी संध्येला बसलो. आचमन घेतले, पळीतले पाणी तळहातावर स्थिर राहिले. खाली फरशी, फरशीवर पाट, पाटावर मी. मन मंत्रात हवे होते, पण ते पाटापाशी गेले; सौभाग्यवती तर नुसत्या बैठकीवर बसल्या होत्या. संध्या पुरी केली, हे सांगितले पाहिजे. मग पाट उचलला आणि अंगणात गाडीपाशी गेलो.

"जरा दार उघड," मी नातीला म्हणालो.

पाट बैठकीवर ठेवून मी त्यावर बसलो. तिने बाहेरून गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडला. गाडी उठली आणि थांबली. मी थांबलो नाही. पाटाखालच्या दोन पट्ट्या मऊ बैठकीत रुतल्या होत्या आणि त्या गादीवर पाट माझ्यासकट आगेमागे झुलत होता. नातीने खिडकीतून हात घालून माझ्या कमरेवर ठेवला आणि पुन्हा गाडी दाबली. रोज रोग्यांच्या पाठीवर असतो तसाच तिचा हात स्थिर होता.

"आजोबा," ती म्हणाली, "गाडी थांबते, आणि मग तुम्ही हलायला लागता."

माकड उतरल्यावरची जुनी गाडी मला आठवली. आम्ही चार चाकांची थरथर शमवली होती आणि पाचवी जागा मी स्वतः दर सोमवारी घरून उचलून आणीत होतो.

पाट मात्र सहज टाकण्यासारखा नव्हता. चामड्यावर सोवळ्याने बसायचे नाही, म्हणून तो होता. वडील एसटीत तो नेत, त्यांच्यामागे मीही नेला. रात्री जेवताना मी हे बोललो, तेव्हा सौभाग्यवती वाढता वाढता थांबल्या.

"घोंगडी आहे की. लोकरीला कधी ओवळं असतं का?"

ती घोंगडी गावाकडच्या एका धनगर कुटुंबाने हातमागावर विणलेली, काळी, जाड, खरखरीत. कपाटात कापूर घालून ठेवलेली. मी लगेच होकार दिला नाही. दुसऱ्या दिवशी स्नान करून शांतपणे बसलो आणि जे जे मला पाठ आहे ते आठवून पाहिले. आसनासाठी लोकर शुद्ध, हे अनेक ठिकाणी आले. प्रवासात पाटच हवा, असे कुठेही आले नाही. आले असते, तर मी पाटच धरला असता आणि कॅनला वाट मोकळी करून दिली असती. वडिलांना जपायचे होते ते पाणी आणि शुचित्व. त्या काळच्या बसच्या फाटक्या, उसवलेल्या बैठकीवर पाट हाच त्यांना दोन्हींसाठी सोपा उपाय होता. लाकडावर त्यांचे काही विशेष प्रेम नव्हते.

वटपौर्णिमेनंतरचा पहिला सोमवार उजाडला. बैठकीवर घोंगडीच्या चार घड्या. मी बसलो तेव्हा ती मला टोचली आणि मी तिच्यात किंचित बसलो. तेवढेच पुरे होते. रामलिंगाच्या कुंडावर कळशी कोरेपर्यंत भरली. नातीने गाडी घेतली. घाटातल्या वळणावर गाडी कलली नाही, आणि मी तिच्याकडे पाहिले तर ती समोर बघूनच म्हणाली, "बोलू नका, पाण्याकडे बघा."

येडशीचा गतिरोधक आला. पुढची चाके चढली, उतरली. पाणी काठापर्यंत उठले, कोरेवर एक चकाकती रेघ उमटली आणि परत खाली बसले. मागची चाके चढली, उतरली. पुन्हा तेच. वाटेत एका ठिकाणी बैलगाडीसाठी थांबावे लागले, एका ठिकाणी रस्ताच उखडला होता. माझे हात दुखू लागले, कंबर मात्र दुखली नाही, हे नंतर माझ्या लक्षात आले.

देवळाच्या दारात गुरव उभा होता. त्याने कळशी माझ्या हातात असतानाच आत डोकावून पाहिले, मग कोरेवर बोट फिरवले आणि ओले बोट आपल्या कपाळाला लावले. "कोरेला हाय, गुरुजी," तो म्हणाला. आत वळून त्याने निळा कॅन कोनाड्यातून काढला आणि भावाला हाक मारून म्हणाला, "ह्यो घरला ने रं. रॉकेल ठिवायला हुईल."

अभिषेक झाला. अभिषेक करताना माझे मन कुठेही गेले नाही. पाणी संपल्यावर मी बाहेर आलो, मुकट्यावर उपरणे घेतले आणि गाडीत बसू लागलेल्या नातीला म्हणालो, "चौकातल्या गतिरोधकावरून एकदा जाऊन येऊ. त्या खडबडीत गल्लीतून परत."

"का? पाणी तर संपलं."

"म्हणूनच."

ती घड्याळाकडे पाहून हसली आणि चौकातून, गल्लीतून, पुन्हा चौकातून गाडी फिरवून आली. मी घोंगडीवर रिकामी कळशी मांडीवर घेऊन बसलो होतो. परत आल्यावर तिने चाक वळवून दिले. आता हात मळले तरी चालणार होते. मी वाकलो, चाकामागे हात घातला आणि त्या करड्या नळीला तळवा लावला.

ती कोमट होती.

"लागलं का?" नातीने विचारले.

"हो," मी म्हणालो, आणि तळवा तसाच ठेवला.